घरच्या संगणकासाठी यूपीएस : किती मिनिटांची वीज हवी?

जून उजाडला की गोव्यात विजेचा लपंडाव ठरलेला असतो. वाऱ्याने माडाची झावळी तारांवर कोसळते, आंब्या-फणसाची ओली फांदी वाहिनीला घासते, उपकेंद्रातला ब्रेकर पडतो आणि अख्खा वाडा काळोखात बुडतो. कधी दहा मिनिटांत वीज परतते, कधी रात्र तशीच सरते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टीला झोडपले, तेव्हा काही भागांतील लोकांना दिवसभराहून अधिक काळ विजेवाचून काढावा लागला होता.

दिवा, पंखा किंवा मिक्सर यांचे अशा वेळी फारसे बिघडत नाही. वीज आली की ते पुन्हा सुरू होतात. संगणकाचे मात्र तसे नाही. महिन्याच्या २० तारखेआधी वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरत बसलेला फोंड्यातील लेखापाल, प्रबंधाचे अखेरचे प्रकरण लिहिणारी म्हापशाची विद्यार्थिनी, रात्री परदेशातील कार्यालयाशी जोडून घेऊन घरूनच नोकरी करणारा मडगावचा तरुण, या सर्वांच्या दृष्टीने वीज जाण्याचा क्षण म्हणजे तास-दोन तासांच्या कामावर पाणी फिरण्याचा क्षण असतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांत यूपीएस ही घराघरांतील वस्तू झाली आहे.

तरीही ती विकत घेताना होणारा संवाद बहुधा एका वाक्याचा असतो : 'एक सहाशे व्हीएचा यूपीएस द्या.' हा आकडा किती भार पेलेल याविषयी अर्धेच सांगतो आणि किती वेळ पेलेल याविषयी काहीच सांगत नाही. ग्राहकाला हवा असतो तो नेमका दुसऱ्या प्रश्नाचा खुलासा. निवड चुकते ती येथेच. आपल्या संगणकाला किती वॅट लागतात आणि वीज गेल्यावर आपल्याला किती मिनिटे हवी आहेत, हे दोन प्रश्न घरीच सोडवून दुकानात गेले, तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

यूपीएसचे काम काय?

यूपीएस म्हणजे अखंड वीजपुरवठा करणारे साधन, असा त्याच्या नावाचा अर्थ. घरगुती यूपीएसच्या बाबतीत मात्र 'अखंड' या शब्दाची व्याप्ती बेताची आहे. वीज गेल्यानंतर तासन्‌तास काम चालू ठेवणे हे त्याचे प्रयोजन नव्हे. चालू काम जतन करावे, उघडलेल्या फायली मिटाव्यात आणि संगणक रीतसर बंद करावा, एवढा अवधी मिळवून देणे हे त्याचे मुख्य काम.

दुसरे काम क्षणिक खंडाचे. वादळी हवेत वीज पुष्कळदा जाऊन लगेच परत येते, दिवे नुसते लुकलुकतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झ वारंवारतेची असल्यामुळे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. संगणकातील वीजपुरवठा एककात थोडी ऊर्जा साठलेली असते आणि त्या बळावर ते पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरू शकते. खंड त्याहून लांबला की संगणक बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. डोळ्याला जेमतेम जाणवणारी ही लुकलुक संगणकाला पुरेशी घातक ठरते ती यामुळे. साधा यूपीएस वीज गेल्याचे ओळखून बॅटरीवर वळायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद घेतो, म्हणजेच संगणकाला खंडाचा पत्ता लागण्याआधी तो पुरवठा सांभाळतो.

आजच्या संगणकप्रणाली अचानक वीज गेल्यावर फायलींची मांडणी बहुतांशी सावरून घेतात. परंतु जतन न केलेला मजकूर त्या परत आणू शकत नाहीत. वर्डसारखा कार्यक्रम सावधगिरीची प्रत आपणहून ठेवतो, पण मूळ मांडणीत ती दर १० मिनिटांनी ठेवली जाते. त्या दहा मिनिटांतील लेखन जाते ते जातेच. शिवाय डिस्कवर माहिती लिहिली जात असतानाच वीज गेली, तर ती फाईल अर्धवट राहून निकामी होण्याची शक्यता असते. हिशेबाच्या कार्यक्रमांत हे विशेष महागात पडते.

तीन प्रकार, तीन स्वभाव

बाजारात यूपीएस तीन प्रकारचे मिळतात. पहिला ऑफलाइन, म्हणजे वीज असेपर्यंत ती जशीच्या तशी संगणकाकडे पाठवणारा आणि ती गेली किंवा फार खाली-वर झाली की बॅटरीवर वळणारा. हा सर्वांत स्वस्त. दुसरा लाइन-इंटरॅक्टिव्ह. यात एक छोटा रोहित्र असतो. विद्युतदाब थोडा उतरला किंवा चढला तर हा यूपीएस बॅटरीला हात न लावता रोहित्राच्या साहाय्याने दाब सावरतो. तिसरा ऑनलाइन. यात संगणकाला मिळणारी वीज सतत बॅटरीच्या मंडलातून नव्याने तयार होऊन येते, त्यामुळे वळण्याचा खंडच पडत नाही. रुग्णालये, बँका, सर्व्हर यांच्यासाठी तो योग्य. घरात मात्र त्याची किंमत, पंख्याचा सततचा आवाज आणि सदैव उत्सर्जित होणारी उष्णता या तिन्ही गोष्टी नकोशा वाटतात.

गोव्यातील घरांसाठी पहिल्या दोहोंतील फरक महत्त्वाचा आहे. घराला २३० व्होल्ट दाबाने वीज मिळावी अशी अपेक्षा असते. पण रोहित्रापासून दूर, वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरांत संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे व पंप एकदम चालू झाले की दाब खाली येतो. अशा ठिकाणी ऑफलाइन यूपीएस लावला, तर वीज असतानाही तो दर थोड्या वेळाने टिकटिक करीत बॅटरीवर जातो. रोजच्या या आवर्तनांनी बॅटरी झिजते, आणि रात्री खरोखरच वीज जाते तेव्हा तिच्यात जीव उरलेला नसतो. 'यूपीएस सहा महिन्यांत बिघडला' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. म्हणून दाब स्थिर नसलेल्या भागात थोडे अधिक पैसे घालून लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेणे हिताचे. तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत बॅटरीविना काम करतो, हे माहितीपत्रकात दिलेले असते. जितका हा पल्ला मोठा, तितकी बॅटरीची दगदग कमी.

व्हीए आणि वॅट : एकाच यूपीएसच्या दोन मर्यादा

पेटीवर ठळक छापलेला आकडा व्हीएचा, म्हणजे व्होल्ट-अँपिअरचा असतो. दाब आणि प्रवाह यांचा तो निव्वळ गुणाकार. उपकरण प्रत्यक्षात जी शक्ती वापरते ती वॅटमध्ये मोजतात. प्रत्यावर्ती विजेत या दोन राशी दर वेळी सारख्या नसतात, आणि यूपीएसला दोहोंची स्वतंत्र मर्यादा असते. आपल्या फेरीबोटीचेच पाहावे. तिच्यावर किती वाहनांना जागा आहे ही एक मर्यादा आणि किती वजन चालेल ही दुसरी. जागा शिल्लक आहे म्हणून खडीने भरलेले ट्रक एकामागून एक चढवता येत नाहीत. यूपीएसचेही तसेच असून दोहोंपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल ती पाळावी लागते.

घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसची वॅटमधील क्षमता बहुधा ३६० असते आणि १००० व्हीएची ६००. म्हणजे पेटीवरील आकड्याच्या ६० टक्के. काही उत्पादनांत हे प्रमाण याहूनही कमी आढळते. वॅटचा आकडा पेटीच्या कडेला किंवा मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतो. तो शोधून वाचावा, आणि जिथे तो दिलेलाच नाही ते यंत्र घेऊ नये.

आता आपल्या गरजेचा हिशेब. कार्यालयीन कामाचा साधा डेस्कटॉप संगणक चालू कामात ५० ते १०० वॅट घेतो. २२ इंची एलईडी पडदा २० ते २५ वॅट, इंटरनेटचा राउटर सुमारे १० वॅट. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाची गोष्ट निराळी. चित्रफितींचे संपादन करताना किंवा खेळ खेळताना ते कार्ड एकटेच १५० ते ३०० वॅट किंवा त्याहून अधिक खेचते. संगणकातील वीजपुरवठा एककावर '४५० वॅट' असे लिहिलेले असते, ती त्याची कमाल क्षमता होय, प्रत्यक्ष वापर नव्हे. प्रत्यक्ष वापर जाणण्यासाठी प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये बसवायचा छोटा वॅटमापक मिळतो. तो तासभर लावून ठेवला की सगळे अंदाज संपतात.

समजा, संगणक ८० वॅट, पडदा २५ आणि राउटर १० मिळून ११५ वॅट होतात. त्यात चतुर्थांश सवलत धरली तर साधारण १४५. ३६० वॅटचा, म्हणजे ६०० व्हीएचा यूपीएस हा भार सहज उचलतो. उलट, ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाचा पडद्यासह वापर ३९० वॅट भरला, तर तोच यूपीएस वीज जाताक्षणी अतिभाराने बंद पडेल. तिथे १००० व्हीए, ६०० वॅटच्या खाली उतरता येणार नाही.

मिनिटांचे गणित

यूपीएस किती वेळ चालेल हे ठरते त्यातील बॅटरीवरून. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सामान्यतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते, तर १००० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा तशा दोन. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. वरच्या उदाहरणातील ११५ वॅटचा भार लावला तर सरळ भागाकाराने पाऊण तासाच्या जवळपास उत्तर येते. प्रत्यक्षात मात्र नव्या बॅटरीवरही ते पंधरा मिनिटांच्या आसपास भरते.

ही तूट दोन कारणांनी पडते. बॅटरीतील एकदिश वीज प्रत्यावर्ती करताना तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो, हे एक. दुसरे कारण अधिक मोठे. शिसे-आम्ल बॅटरीतून जितक्या वेगाने वीज काढावी तितकी ती एकूण कमी देते. हा नियम विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. बॅटरीवर लिहिलेले ७ अँपिअर-तास हे ती २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारे असतात. यूपीएस तिला काही मिनिटांतच उपसतो. त्यामुळे भार दुप्पट झाला की वेळ निम्म्याहूनही कमी होतो. ११५ वॅटवर पंधरा मिनिटे चालणारा यूपीएस २०० वॅटवर पाच-सात मिनिटेच चालतो आणि पूर्ण भारावर एक-दोन मिनिटांत मान टाकतो.

याच नियमाची दुसरी बाजू ग्राहकाच्या फायद्याची आहे. भार कमी केला तर वेळ अपेक्षेपेक्षा अधिक वाढतो. वीज गेल्यावर पडद्याचा उजेड उतरवला, छायाचित्रे किंवा चित्रफिती हाताळणारे जड कार्यक्रम मिटले, तर काही मिनिटे सहज पदरात पडतात. मात्र बॅटरी जुनी होत जाते तसा हा अवधी घटतो. म्हणून आज दहा मिनिटे हवी असतील, तर नव्या यंत्रावर निदान वीस मिनिटे मिळतील असा यूपीएस निवडावा. चांगल्या उत्पादकांच्या माहितीपत्रकात किती वॅट भारावर किती मिनिटे याचा तक्ता असतो. खरेदीच्या वेळी त्या एका तक्त्यावर नजर टाकली तरी बरेचसे काम होते.

घरी नेहमी कोणी संगणकापाशी नसेल, तर यूएसबी जोडणीची सोय असलेला यूपीएस पाहावा. ती तार जोडली की विंडोज प्रणाली अशा बहुतेक यूपीएसना लॅपटॉपच्या बॅटरीसारखे ओळखते, आणि बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की संगणक आपोआप रीतसर बंद करण्याची आज्ञा देऊन ठेवता येते. स्वस्त यूपीएसमध्ये ही सोय बहुधा नसते.

लहरीचा आकार

घरातील वीज एका मृदू, गोलाईदार लहरीच्या आकाराची असते. तिला साइन लहर म्हणतात. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना त्या लहरीची पायऱ्यापायऱ्यांची ओबडधोबड नक्कल तयार करतात. साध्या संगणकाला ती चालून जाते. परंतु आधुनिक, अधिक कार्यक्षम वीजपुरवठा एककांत शक्तिगुणक सुधारणारे मंडल असते, आणि त्यांपैकी काही एकके ही नक्कल स्वीकारत नाहीत. बॅटरी पूर्ण भरलेली, भार मर्यादेत, तरीही वीज जाताच संगणक बंद पडतो तो यामुळे. आपल्या वीजपुरवठा एककावर '८० प्लस' ही खूण असेल, तर शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस घ्यावा किंवा निदान परत करण्याची मुभा ठरवून घेऊन घरी चाचणी करावी.

इन्व्हर्टर आणि लॅपटॉप असलेली घरे

गोव्यात आता पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास मावतात, म्हणजे यूपीएसच्या छोट्या बॅटरीच्या वीसपटींहून अधिक. नुसता संगणक, पडदा व राउटर चालवायचा असेल तर ती आठ-दहा तास पुरते. मग वेगळा यूपीएस कशाला, असे वाटणे साहजिक आहे.

याचे उत्तर इन्व्हर्टर किती चपळाईने वळतो यावर अवलंबून आहे. अनेक इन्व्हर्टरांच्या मागील बाजूस 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे दोन पर्याय देणारे बटण असते. नॉर्मलवर तो वळायला इतका वेळ घेतो की संगणक बंद पडतो. यूपीएस पर्यायावर तो पुष्कळ लवकर वळतो. आपला इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा असेल तर बटण यूपीएसवर ठेवून, सर्व काम जतन करून, एकदा मुख्य स्विच बंद करून पाहावा. असे तीन-चार वेळा करूनही संगणक चालू राहिला तर वेगळ्या यूपीएसची गरज नाही. पुन्हा सुरू झाला तर इन्व्हर्टर असूनही एक छोटा यूपीएस लागेल. अशा जोडीत यूपीएस फक्त वळणाचा क्षण सांभाळतो आणि पुढचे तास इन्व्हर्टर. मात्र जुन्या, चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरची वीज काही यूपीएस वीज म्हणून मान्यच करीत नाहीत आणि आपल्या बॅटरीवरच चालत राहतात. ही जोडी विकत घेण्यापूर्वी तपासावी.

लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. तिथे वीज जाताच अडते ते इंटरनेट. राउटर आणि फायबरचे यंत्र यांच्यासाठी पुस्तकाएवढे छोटे यूपीएस मिळतात. ते १२ किंवा ९ व्होल्टची एकदिश वीज थेट देतात आणि १० वॅटच्या भारावर काही तास चालू शकतात. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची धन-ऋण बाजू तंतोतंत जुळवावी, कारण ९ व्होल्टच्या यंत्राला १२ व्होल्ट दिले तर ते जळू शकते. काही घरांत फायबरचे यंत्र आणि राउटर वेगवेगळे असतात. अशा वेळी दोन्ही जोडावी लागतात. सेवा पुरवणाऱ्याच्या वाटेवरील उपकरणांचीच वीज गेली तर मात्र घरचा कोणताही यूपीएस इंटरनेट आणू शकत नाही, हेही ध्यानात असावे.

अर्थिंग आणि गडगडाट

यूपीएस दाबातील छोटे उसळे अडवतो, पण त्यासाठी घराचे अर्थिंग धड असावे लागते. उसळ्याची ऊर्जा जमिनीत जाण्याची वाट तीच. जुन्या गोमंतकीय घरांत दोन पिनांच्या सॉकेटची वायरिंग अजून दिसते, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत बसवून काम भागवले जाते. हे धोक्याचे आहे. चिऱ्याच्या खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात ओल आटली की अर्थिंगचा विरोध वाढतो, म्हणून अर्थिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडून कोरड्या दिवसांत करून घेणे श्रेयस्कर. काही यूपीएसमध्ये अर्थिंग किंवा जोडणी सदोष असल्यास पेटणारा दिवा असतो. तो पेटला तर दुर्लक्ष करू नये.

आकाशातल्या विजेपुढे मात्र यूपीएसचा निभाव लागत नाही. जवळ वीज कोसळली तर त्यातील संरक्षक भाग क्षणात भस्म होतो. गडगडाट सुरू झाला की संगणक बंद करून यूपीएसचा प्लग काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय. तांब्याच्या तारेची दूरध्वनी किंवा केबल जोडणी असेल तर तीही काढावी, कारण पुष्कळदा उसळा त्या वाटेने शिरतो. न्यूट्रल तार तुटल्यामुळे घरात ४०० व्होल्टच्या जवळ दाब चढण्याचे प्रकारही पावसाळ्यात घडतात. त्यापासून बचाव करण्यासाठी मीटरच्या पुढे, मुख्य फलकात बसवायचे अतिदाब-संरक्षक साधन वेगळे मिळते.

खरेदीच्या वेळी

५ केव्हीएपर्यंतच्या यूपीएसना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. यंत्रावर ब्युरोचे चिन्ह, 'आयएस १६२४२' हा मानक क्रमांक आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. यूपीएस कधी तयार झाला तेही वाचावे. दुकानात वर्षभर पडून राहिलेली शिसे-आम्ल बॅटरी न वापरताही क्षीण होते. यंत्राची आणि बॅटरीची हमी पुष्कळदा वेगवेगळ्या मुदतीची असते, तेव्हा दोन्ही मुदती पावतीवर लिहून घ्याव्यात.

मागील बाजूची सॉकेट आपल्या प्लगांची आहेत का, आणि त्यांपैकी किती बॅटरीवर चालतात, हेही पाहून घ्यावे. काही नमुन्यांत अर्धी सॉकेट केवळ उसळ्यापासून संरक्षण देतात, त्यांना बॅटरीची जोड नसते. बॅटरी नेहमीच्या मापाची आणि बदलता येण्याजोगी असावी, आणि ती बदलून देणारा माणूस आपल्या तालुक्यात असावा. नवी बॅटरी नव्या यूपीएसपेक्षा बरीच स्वस्त पडते. ती बदलण्याची सोयच नसेल, तर स्वस्तात घेतलेला यूपीएस तीन वर्षांत भंगारात जातो.

लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नये. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा रूळ तापताना शेकडो वॅट ओढतो, आणि अतिभाराने यूपीएसबरोबर संगणकही बंद पडतो. इस्त्री, मिक्सर, फ्रीज यांच्याबाबतही तेच.

बॅटरी टिकावी कशी?

नवा यूपीएस घरी आणल्यावर माहितीपत्रकात सांगितलेला वेळ, साधारण सहा ते आठ तास, तो चार्ज करावा आणि मगच त्याच्यावर विसंबावे. पुढे दर तीन महिन्यांनी एक चाचणी घ्यावी. सर्व फायली जतन करून भिंतीवरील सॉकेटचा स्विच बंद करावा आणि किती मिनिटे मिळतात ते घड्याळ लावून नोंदवावे. प्लग ओढून चाचणी करू नये, त्याने अर्थिंगही तुटते. मिळणारा वेळ नव्याच्या निम्म्यावर आला की बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

२५ अंश सेल्सियसच्या आसपास ही बॅटरी तीन ते पाच वर्षे चालते. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. आपल्याकडील उकाड्यात यूपीएस बंद कपाटात, उन्हाच्या खिडकीपाशी किंवा सीपीयूच्या गरम हवेच्या झोतात ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे. तो जमिनीपासून थोडा उंच, भिंतीपासून बोटभर दूर आणि हवेशीर जागी असावा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीचा कोपरा टाळावा. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात. हवेच्या झरोक्यांतून मुंग्या आणि पाली आत शिरून मंडल जाळतात, हाही आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. झरोके बंद न करता आजूबाजूची जागा स्वच्छ ठेवणे हाच त्यावर उपाय.

वीज बराच वेळ येणार नाही असे दिसले तर संगणक बंद केल्यावर यूपीएसचेही बटण बंद करावे, कारण पूर्ण रिकामी होऊन पडून राहिलेली शिसे-आम्ल बॅटरी कायमची खराब होते. घर काही महिने बंद राहणार असेल तर जाण्यापूर्वी यूपीएस पूर्ण भरून, बंद करून ठेवावा आणि शक्य झाल्यास शेजाऱ्यांकरवी दर तीन महिन्यांनी एकदा चार्ज करवून घ्यावा. निकामी बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराकडे द्यावी, तिच्यातील शिश्याचे पैसेही वजा होऊन मिळतात.

थोडक्यात, दुकानात जाण्यापूर्वी कागदावर चार नोंदी असाव्यात : आपला भार किती वॅट, अवधी किती मिनिटे, भागातील दाब स्थिर की डळमळीत, आणि घरात इन्व्हर्टर आहे की नाही. साधा डेस्कटॉप आणि मधूनमधून जाणारी वीज, एवढीच अडचण असलेल्या बहुतेक घरांना ६०० व्हीएचा, ३६० वॅटचा, लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस पुरेसा आहे. ग्राफिक्सचे काम असेल तर १००० व्हीए आणि शुद्ध साइन लहर. तासन्‌तास काम करायचे असेल तर इन्व्हर्टर. आणि यांपैकी काहीही घेतले तरी दिवसअखेर महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावीच. यूपीएस काम जतन करायला वेळ मिळवून देतो, डिस्क बिघडली तर तिच्यावरचे काम तो परत देऊ शकत नाही.